थकलेल्या शिळेजवळ

इंकांचे साम्राज्य चाकावाचून उभे राहिले. आजच्या कोलंबियाच्या दक्षिण टोकापासून चिलीच्या मध्यापर्यंत ते पसरले होते. परंतु एवढ्या अफाट मुलखात गाडी नव्हती, रथ नव्हता, घोडा नव्हता, बैलही नव्हता. उंटाच्या कुळातला लामा नावाचा प्राणी ओझ्यासाठी होता खरा. पण २५-३० किलोंहून अधिक भार पाठीवर चढला की तो खाली बसतो आणि उठता उठत नाही. बाकी सारे ओझे माणसाच्या पाठीवर आणि खांद्यावर. धान्य, मीठ, लोकर, दगड, निरोप आणि खुद्द राजा, सगळे माणसानेच वाहून नेले.

म्हणून त्या लोकांना मागासलेले ठरविण्याची घाई कोणी करू नये. त्यांच्या राजमार्गांचे जाळे ३०,००० किलोमीटरहून अधिक लांबीचे होते. ‘क्हापाक न्यान’ या नावाने ते ओळखले जाते, आणि सहा देशांतून जाणाऱ्या या मार्गाचे अवशेष २०१४ साली जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाले. हा मार्ग डोंगराला वळसा घालीत नाही. तो डोंगरावर पायऱ्या खोदून सरळ वर चढतो. पावलांनी चालणाऱ्या माणसाला आणि लामाला पायरी सोयीची असते. मेक्सिकोत चाके लावलेली मातीची प्राचीन खेळणी सापडली आहेत. तेव्हा अमेरिका खंडातील माणसाला चाकाची कल्पना कधी सुचलीच नाही, असेही म्हणता येत नाही. ओढायला जनावर नाही आणि वाट सारी पायऱ्यांची, अशा ठिकाणी चाक घेऊन करायचे काय? पुढे स्पॅनिश घोडेस्वार आले, तेव्हा याच पायऱ्यांवर त्यांचे घोडे अडखळले. एकाला जी सोय तीच दुसऱ्याला अडसर होते, हे पायरीइतके स्पष्ट दुसरे काही दाखवीत नाही.

एरवी चाकाचा एवढा विचार मी केला नसता. २०२४ सालच्या ऑगस्ट महिन्यात मी पेरू देशात गेलो, तो सेमिनरीतील एका जुन्या सहाध्यायाला भेटण्यासाठी. मिशनरी म्हणून तो तरुणपणीच दक्षिण अमेरिकेत गेला आणि तिथलाच होऊन राहिला. काही वर्षांपूर्वी रस्त्यावरील एका अपघातात त्याच्या पाठीच्या कण्याला इजा झाली व कमरेखालचे अंग लुळे पडले. तेव्हापासून तो चाकाच्या खुर्चीत आहे; खुर्चीत बसूनच मिस्सा अर्पण करतो, खुर्चीत बसूनच लोकांची पापकबुली ऐकतो. “पेरूत येऊन इंकांचे दगड न पाहता परत गेलास तर वसईत तोंड कसे दाखवशील?” असे म्हणून त्यानेच एका दिवसाचा बेत आखला. सकाळी कुस्को शहराच्या माथ्यावरील साक्सायवामान आणि दुपारी ओयान्तायताम्बो. बरोबर त्याच्या ओळखीचा, अंगाने दणकट असा एक मोटारचालक होता.

कुस्को सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे आणि साक्सायवामान त्याहून सुमारे ३०० मीटर वर. तेथील विरळ हवेत समुद्रकाठच्या माणसाची काय अवस्था होते ते निराळे सांगायला नको. खुर्ची ढकलताना मी दहा पावलांवर थांबत होतो. तो मात्र खुर्चीत बसून मला इतिहास सांगत होता.

साक्सायवामानच्या नागमोडी तटभिंतींपुढे एक विस्तीर्ण गवताळ पटांगण आहे. जमीन बऱ्यापैकी सपाट असल्यामुळे खुर्ची थेट भिंतीच्या पायथ्याशी नेता आली. एकावर एक अशा तीन तटभिंती, आणि सर्वांत मोठ्या शिळा खालच्या रांगेत. त्यांतील काहींचे वजन १०० टनांहून अधिक आहे. उभा माणूस या भिंतीकडे पाहतो तेव्हा त्याची नजर वर वर जाते. बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर मात्र शिळेचा तळ येतो, जिथे ती जमिनीला टेकते ती जागा. माझ्या मित्राने बराच वेळ तेवढेच पाहिले. दोन दगडांच्या सांध्यात सुरीचे पातेही शिरत नाही, हे प्रत्येक वाटाड्या सांगतो. ते खरेच आहे, म्हणून मी पुन्हा सांगत नाही.

पेद्रो सिएसा दे लेओन हा १६व्या शतकातील स्पॅनिश बखरकार. या गडाच्या कामावर २०,००० माणसे पाळीपाळीने राबत, त्यांतील ४,००० खाणीत दगड फोडीत आणि ६,००० चामड्याच्या व घायपातासारख्या तंतूंच्या जाड दोरांनी ते ओढीत, असे त्याने लिहून ठेवले आहे. त्या भिंतींतले उचलता येण्याजोगे दगड स्पॅनिश लोकांनी पुढे खाली शहरात नेले. कुस्कोच्या कॅथेड्रलच्या बांधकामातही ते गेले. जे हलविता आले नाहीत तेच जागेवर राहिले. आपण ज्याला इंकांचा भव्य अवशेष म्हणतो तो म्हणजे विजेत्यांना न पेललेला भाग होय.

याच गडासंबंधी एक कथा आहे, आणि ती सांगणारा माणूसही सांगण्यासारखा आहे. इंका गार्सिलासो दे ला व्हेगा १५३९ साली कुस्कोत जन्मला. बाप स्पॅनिश सरदार, आई इंका राजघराण्यातली. तरुणपणी तो स्पेनला गेला तो परतलाच नाही. आईच्या नातलगांकडून बालपणी ऐकलेला इतिहास त्याने उतारवयात लिहिला; १६०९ साली तो ग्रंथ लिस्बनमध्ये प्रसिद्ध झाला. १६१६ साली गार्सिलासो कॉर्दोबा येथे निवर्तला. त्याच वर्षी इकडे गोव्यात राचोल येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापून झाले, हे आपल्या वाचकांनी सहज ध्यानात ठेवावे.

गार्सिलासो सांगतो, की एक प्रचंड शिळा साक्सायवामानपर्यंत आणता आणता वाटेतच राहिली. लोक तिला ‘थकलेली शिळा’ म्हणत. ती चालून चालून थकली, तिला पुढे जाववेना आणि तिने रक्ताचे अश्रू ढाळले, अशी दंतकथा. मग याच दंतकथेच्या आड काय आहे तेही तो सांगतो. २०,००० माणसे ती शिळा ओढीत होती. निम्मी पुढून खेचत होती व निम्मी मागून दोर धरून तिला सावरीत होती. एका चढणीवर मागच्यांच्या हातून दोर निसटले, शिळा उतारावरून घरंगळली व ३,००० ते ४,००० माणसे तिच्याखाली चिरडली गेली. शिळेच्या डोळ्यांतून वाहिलेले रक्त म्हणजे या माणसांचे रक्त. आकडा फुगलेला असू शकेल. परंतु जनतेने शिळेला रडू दिले, ते माणसांसाठी रडण्याची सोय नव्हती म्हणूनच, असे मला वाटते.

चाक नसलेल्या राज्यात वाहणारे कोण आणि वाहिले जाणारे कोण, हा प्रश्न असा पावलोपावली समोर येतो. इंका सम्राट पालखीतून फिरे. पालखी उचलण्याचा मान रुकाना नावाच्या जमातीकडे होता. त्या खांद्यांचे शेवटचे दर्शन इतिहासाला १६ नोव्हेंबर १५३२ रोजी काहामार्का येथील चौकात घडले. फ्रान्सिस्को पिझारोबरोबर १६८ माणसे होती. आतावाल्पा आपल्या लवाजम्यासह पालखीतून आला. डोमिनिकन धर्मगुरू व्हिसेन्ते दे व्हाल्व्हेर्दे एका हाती क्रूस व दुसऱ्या हाती धर्मग्रंथ घेऊन पुढे झाले. आतावाल्पाने ग्रंथ हाती घेतला, उलटसुलट पाहिला आणि भिरकावून दिला. त्यानंतर तोफा धडाडल्या. पालखी वाहणाऱ्यांचे हात तलवारींनी तोडले गेले, तरी त्यांनी ती खांद्यांवर तोलून धरली; एक पडला की दुसरा पुढे येई. अखेरीस घोडेस्वारांनी पालखी एका बाजूने कलंडविली आणि सम्राट बंदी झाला. पुढच्या वर्षी, बाप्तिस्मा देऊन, त्याचा गळा आवळण्यात आला. हा प्रसंग आपल्या धर्माच्या इतिहासातही मोडतो आणि तो गाळून मिशनकार्याचा इतिहास लिहिता येत नाही. परंतु मला त्या दिवशी अधिक आठवले ते हात तुटलेले पालखीवाले. त्यांच्यापैकी एकाचेही नाव कोणी लिहून ठेवले नाही.

“आणि माझ्यासारख्यांचे काय?” मित्राने विचारले. “पालखी तर राजाला. लंगड्याला कोण उचलत होते?” उत्तर त्याला ठाऊक होते, शिक्षकाची सवय त्याची जात नाही.

उत्तर वामान पोमा दे आयाला या मूळनिवासी लेखकाच्या ग्रंथात सापडते. ख्रिस्ती झालेल्या या माणसाने आपल्या लोकांचा इतिहास व त्यांच्यावर होणारे अन्याय सांगणारे जवळजवळ १,२०० पानांचे हस्तलिखित १६१५ च्या सुमारास पूर्ण केले, त्यात स्वतः ३९८ चित्रे काढली व ते स्पेनच्या राजासाठी धाडून दिले. राजाने ते वाचले की नाही कोण जाणे! १९०८ साली ते कोपनहेगनच्या राजग्रंथालयात एका जर्मन अभ्यासकाच्या दृष्टीस पडले. वामान पोमा म्हणतो, की इंकांच्या राज्यात प्रजेची नोंद दहा ‘गल्ल्यां’त केली जाई, आणि चौथी गल्ली आजारी, पांगळे, आंधळे, मुके, कुबडे व ठेंगू यांची असे. ज्याला डोळे आहेत त्याने डोळ्यांचे काम करावे, ज्याला हात आहेत त्याने हातांचे. कोणी विणावे, कोणी राखण करावी. त्यांना घरे होती, शेती होती. आंधळ्याचे लग्न आंधळीशी, मुक्याचे मुकीशी लावून दिले जाई. या व्यवस्थेमुळे रुग्णालयाची गरज नव्हती आणि भिक्षेचीही नव्हती, असे तो अभिमानाने नोंदवितो.

गार्सिलासो यात आणखी भर घालतो. नांगरणीचा क्रम ठरलेला असे: आधी सूर्यदेवाची जमीन, मग विधवा, अनाथ, वृद्ध, आजारी यांची, त्यानंतर ज्याची त्याने आपली, आणि सर्वांत शेवटी राजाची. वाइना कापाक सम्राटाच्या काळात चाचापोयास प्रांतातील एका गावच्या मुकादमाने विधवेच्या शेताआधी आपल्या नात्यातील गावप्रमुखाचे शेत नांगरून घेतले, म्हणून त्याला फाशी देण्यात आली. आणि फासाचा खांब पुरला तो त्याच गावप्रमुखाच्या शेतात. शिक्षा क्रूर खरी. पण विधवेच्या शेताला राज्यात काय किंमत होती ते तिच्यावरून कळते.

मात्र हे दोघेही लेखक हरवलेल्या राज्याकडे मागे वळून पाहत होते आणि समोरच्या स्पॅनिश अंमलाला आरसा दाखवू इच्छीत होते, हे विसरून चालणार नाही. चौथ्या गल्लीला दुसरी बाजूही होती. कुबडे व ठेंगू लोक राजदरबारात मन रिझविण्यासाठी ठेवले जात. लग्ने राज्य लावी. वधूवरांना कोण विचारतो? आणि ज्या बालकांना पर्वतशिखरांवर नेऊन बळी दिले जाई, त्यांच्या अंगावर एकही व्यंग असता कामा नये, असा दंडक होता. अर्जेंटिनाच्या सीमेवरील युय्यायाको या ६,७३९ मीटर उंचीच्या शिखरावर १९९९ साली अशा तीन बालकांची बर्फात टिकून राहिलेली शरीरे सापडली. ज्याच्यात खोट आहे तो देवाच्या उपयोगाचा नाही, म्हणून तो वाचला! मित्र यावर मोठ्याने हसला. मला हसू आले नाही.

स्पॅनिश अमलाखाली ही गल्ली मोडली. व्हाइसरॉय तोलेदोने सक्तीच्या मजुरीची पद्धत बसविली. पोतोसीच्या चांदीच्या आणि वांकाव्हेलिकाच्या पाऱ्याच्या खाणींनी धडधाकट माणसे नेली आणि खोकणारी, थरथरणारी माणसे परत पाठविली. त्याच काळात आर्चबिशप लोआइसा यांनी १५४९ साली लिमा येथे मूळनिवासींसाठी रुग्णालय उघडले, आणि संत मार्टिन डी पोरस डोमिनिकन मठाच्या दवाखान्यात रुग्णांचे मलमूत्र काढीत राहिले. आपल्या घराघरांत हाती झाडू घेतलेल्या या संताचे चित्र असते. एकाच संघाचे दोन वस्त्रधारी: काहामार्काच्या चौकात व्हाल्व्हेर्दे आणि शंभर वर्षांच्या आत लिमात मार्टिन. ख्रिस्तसभेचा पेरूतील इतिहास या दोघांनाही जवळ घेऊनच सांगावा लागतो.

दुपारी आम्ही ओयान्तायताम्बोला पोहोचलो. ‘ताम्बो’ म्हणजे राजमार्गावरील धर्मशाळा. आत शिरताच सपाट चौक, दगडी पन्हाळ्यांतून खळखळणारे पाणी आणि समोर डोंगराच्या अंगावर एकावर एक चढत गेलेल्या मजगी. त्यांच्या कडेने शेकडो पायऱ्या माथ्यावरील सूर्यमंदिराकडे जातात. तेथे गुलाबी छटेच्या सहा महाकाय शिळा उभ्या आहेत. १५३७ च्या सुमारास मान्को इंकाने याच उतारांवरून एर्नांदो पिझारोच्या फौजेला परतवून लावले. नदीचे पाणी मैदानात सोडून त्याने घोड्यांना चिखलात अडकविले, असे बखरी सांगतात. पायऱ्या आणि चिखल, दोन्ही चाकाचेही शत्रू.

पायथ्याशी आमची खुर्ची थांबली. चालक पुढे झाला व म्हणाला, “पाद्रे, पाठीवर बसा. अर्ध्या तासात वर नेतो.” बोलता बोलता त्याने खाली वाकून पाठ वळविलीही. मित्राने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि नको म्हटले. मला वाटले, संकोच असावा. तसे नव्हते. तो म्हणाला, “हा माणूस मला विचारून उचलतो, म्हणून मी त्याला नाही म्हणू शकतो. पुष्कळ जण विचारीतच नाहीत. विमानतळावर, बँकेत, चर्चमध्येसुद्धा. मागून येतात आणि खुर्ची ढकलू लागतात. जणू मी सामान आहे.”

मग त्याने मार्कच्या शुभवर्तमानातील त्या पक्षाघाती माणसाचा विषय काढला, ज्याला चौघांनी खाटेवर आणले आणि छप्पर उघडून प्रभू येशूपुढे खाली सोडले. आपण धर्मगुरू त्या चार मित्रांवर दरवर्षी प्रवचन करतो. “त्या पाचव्याने काय म्हटले होते, हे तुला कुठे वाचायला मिळाले का?” मित्राने विचारले. “‘मला वर चढवा’ असे त्याने सांगितले होते, की चौघांनी परस्पर ठरविले? मार्क लिहीत नाही. पण प्रभू मात्र थेट त्याच्याशीच बोलतो, आणि जाताना त्याची खाट त्यालाच उचलायला लावतो.” सेमिनरीतील चार वर्षांच्या ईशज्ञानाच्या अभ्यासात हा उतारा कोणी मला या बाजूने दाखविला नव्हता.

आपल्या धर्मग्रामांतील चर्चेसच्या दारांशी किती पायऱ्या आहेत? मुख्य दाराशी, वेदीशी, पापकबुलीच्या जागेशी? सण आला की म्हाताऱ्या आजीला चौघे जण खुर्चीसकट उचलून आत नेतात आणि आपण त्या चौघांचे कौतुक करतो. कौतुक जरूर करावे. पण एक उतरण बांधायला सिमेंटची थोडी पोती आणि गवंड्याचे काही दिवस पुरतात, आणि मग आजी सणाची वाट न पाहता साध्या मंगळवारीही मिस्सेला येऊ शकते. इंकांपाशी चाक नव्हते. आपल्यापाशी ते आहे, तरी आपण बांधतो त्या पायऱ्याच.

मित्राने मग गुस्ताव्हो गुतिएरेझ यांची आठवण काढली. १९२८ साली लिमात जन्मलेल्या, अंगात केचुआ रक्त असलेल्या या धर्मगुरूचे १९७१ सालचे मुक्तीच्या ईशज्ञानावरील पुस्तक आम्ही सेमिनरीत कोणी भक्तीने, कोणी संशयाने वाचले होते. मात्र हाडांच्या विकारामुळे १२ ते १८ व्या वर्षापर्यंत गुतिएरेझ यांना चाकाची खुर्ची वापरावी लागली होती, हे त्या वर्गात कोणी सांगितले नव्हते. गरिबांच्या बाजूने पाहणे म्हणजे काय, हे त्यांनी पुढे लिहिले. त्याआधी सहा वर्षे त्यांनी जग बसल्या उंचीवरून पाहिले होते. आमच्या या सहलीनंतर दोन महिन्यांनी, २२ ऑक्टोबर २०२४ रोजी, वयाच्या ९६ व्या वर्षी ते प्रभूघरी गेले.

माचू पिक्चूलाही आता खुर्चीतील प्रवासी जातात. आल्वारो सिल्बरस्टाईन हा चिलीचा तरुण स्वतः चाकाची खुर्ची वापरतो. त्याच्या ‘व्हील द वर्ल्ड’ या संस्थेने २०१९ साली तशा सहली सुरू केल्या. अशा वाटांसाठी ‘जोएलेत’ नावाची एक निराळी खुर्ची असते. फ्रान्समधील डोंगरवाटाड्या जोएल क्लोदेल याने ती १९८७ साली आपल्या आजारी पुतण्यासाठी तयार केली. तिला मध्ये एकच चाक असते. एक जण पुढून दांडे धरतो, एक मागून तोल सांभाळतो. म्हणजे अर्धी गाडी, अर्धी पालखी. मित्राला तिच्यातून जायचे आहे. त्यासाठी तो पैसे साठवतो आहे आणि आपल्याला उचलणारे दोघे कोण असावेत, हेही त्याने ठरवून ठेवले आहे. त्यांत मी नाही. माझा दम त्याने सकाळी पाहिलाच होता.

सूर्यमंदिराच्या शिळा नदीपलीकडच्या डोंगरावरील काचिकाता येथील खाणीतून आणल्या गेल्या. डोंगरावरून खाली, नदीतून अलीकडे, आणि पुन्हा वर. काम केव्हातरी अचानक थांबले. वाटेत असलेल्या शिळा वाटेतच राहिल्या. त्यांनाही लोक ‘थकलेल्या शिळा’च म्हणतात. चालकाने आम्हाला गावाबाहेर रस्त्याच्या कडेला पडलेल्या अशा एका शिळेपाशी नेले. तिच्याभोवती जमीन सपाट होती. मित्राने स्वतःच चाके फिरवीत तिला पूर्ण वळसा घातला, एका बाजूला ओढणाऱ्यांनी कोरलेली खाच बोटांनी चाचपली आणि खुर्चीचा ब्रेक लावला. तिथेच आम्ही तिघांनी उकडलेल्या मक्याची मोठमोठ्या दाण्यांची कणसे व चीज खाल्ले. दुसऱ्या दिवशी लिमाच्या संत रोझाचा सण होता आणि त्याची पहाटेची मिस्सा होती, म्हणून ऊन कलण्याआधीच आम्ही कुस्कोच्या वाटेला लागलो.